चांदीची पाच कडी

दिल्लीत शरद आधी नाकाला कळतो. कूलर पुसून, गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात सरकवलेला असतो, पंखा दोनवर आलेला असतो, आणि एखाद्या संध्याकाळी सातविणीचा तो जड, गोड, जरासा डोक्यात जाणारा वास न विचारता घरात शिरतो. इथे तिला सप्तपर्णी म्हणतात आणि अर्धं शहर तिच्या नावानं बोटं मोडतं. कुणाचं डोकं चढतं, कुणाला धाप लागते. आमच्या नोएडाच्या सोसायटीत दर वर्षी ही झाडं तोडण्यासाठी एक अर्ज फिरतो आणि दर वर्षी माझ्या दारावरून सहीविना परत जातो. हा वास आला की मी बावीस वर्षांची होते. अंगात उगाचच बळ येतं आणि वाटतं, आणा काय आणायचं ते, फिरवून दाखवते.

फिरवून दाखवणं हा माझा धंदाच आहे. मोठ्या यंत्रांची छोटी मॉडेलं मी करते आणि त्यांतलं जे जे फिरायला हवं ते फिरवते. लोकांना वाटतं, फिरवणं अवघड असेल. छे. एक मोटर लावली की काहीही फिरतं. अवघड असतं ते फिरणाऱ्या भागावर वीज पोचवणं. वर दिवा लावायचा, वर आणखी एक छोटी मोटर चालवायची, म्हणजे खालून वर तारा गेल्या पाहिजेत. आणि वरचा भाग गोल फिरायला लागला की तारा त्याच्याबरोबर पिळत जातात. आमच्या मराठी मंडळात बायका खांबाभोवती गोफ विणायच्या, तसंच. फरक इतकाच की बायका उलट्या फिरून गोफ सोडवतात. यंत्र सोडवत बसत नाही, ते तारा तोडतं.

त्यावर उपाय म्हणजे स्लिप रिंग. उभ्या दांड्यावर धातूचं कडं बसवायचं, ते दांड्याबरोबर फिरतं. बाहेरून एक पट्टी त्या कड्याला नुसती टेकलेली असते, ती जागची हलत नाही. वीज पट्टीतून कड्यात जाते आणि कड्यातून वर. जितक्या तारा, तितकी कडी. कुणी कुणाला बांधलेलं नाही, त्यामुळे पीळ पडायचा प्रश्नच नाही. आहे की नाही साधं? पण ती कडी कशाची घ्यायची, केवढी घ्यायची, हे ठरवण्यात माझा एक अख्खा शरद गेला.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमला राहायचो, सरकारी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. बाजार नुकताच खुला झाला होता आणि त्याची हवा आमच्या पिवळ्या भिंतींपर्यंत आली होती. टीव्हीवर अचानक खूप चॅनल आले होते. शेजारचे लोक रविवारी गुडगावला जमीन बघायला जात आणि मोहरीच्या शेतातून चिखलाचे बूट घेऊन परत येत. बाबांना हे सगळं थोडं उथळ वाटायचं. त्यांच्या ऑफिसातला एखादा कारकून दिल्लीतल्या मराठी माणसांना उपरं म्हणाला, की ते त्याला रिजच्या टेकडीवर इंग्रजांच्या काळात वाडा असलेल्या हिंदूराव या मराठा सरदारांची गोष्ट ऐकवत आणि म्हणत, "आम्ही तुमच्या आधी आलोय." पण नव्या काळाबद्दल त्यांना असं काही आधी आल्यासारखं वाटत नव्हतं. त्यांचा विश्वास फाइलवर, सीलवर आणि पेन्शनवर होता.

आणि मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून नोएडाला भल्लाजींच्या मॉडेलच्या कारखान्यात लागले होते. तीन महिन्यांच्या बोलीवर. भल्लाजी आधी सरकारसाठी धरणांची आणि पोलादाच्या कारखान्यांची मॉडेलं करायचे. ती मॉडेलं काचेच्या पेटीत गप्प बसून असायची. आता परदेशी कंपन्या येत होत्या, त्यांना प्रदर्शनात मांडायला हलतं, बोलतं, दिवे लागणारं काहीतरी हवं होतं. भल्लाजींकडे उत्तम सुतार होते, रंगारी होते, पण विजेचं कळणारं कुणी नव्हतं, म्हणून मी. सकाळी रिंग रोडवरची मुद्रिका बस पकडायची, आश्रम चौकात उतरायचं, तिथून यमुनेपलीकडे. ओढणीला सोल्डरची भोकं पडलेली. मी इतकी सुखात होते की मला ते लपवताही येत नव्हतं.

"डिप्लोमा काय खेळणी करायला केलास?" बाबा विचारायचे.

"खेळणी नाही बाबा, मॉडेल म्हणतात."

"तेच. मोठ्या माणसांची खेळणी."

त्यांनी माझ्यासाठी सरकारी नोकरीच्या परीक्षेचा फॉर्म आणला होता. नुसता आणला नव्हता, आपल्या सुवाच्य अक्षरात भरलाही होता. फक्त माझी सही राहिली होती. मी रोज काहीतरी निमित्त सांगून निसटायचे.

दसऱ्याच्या सुमाराला भल्लाजींकडे एका परदेशी क्रेन कंपनीचं काम आलं. गुडगावच्या उंच इमारतींसाठी जी उभी क्रेन लागते, तिचं माणसाच्या उंचीचं मॉडेल. आडवा लांब हात, त्यावर मागेपुढे धावणारी ट्रॉली, खाली-वर होणारा हूक, टोकाला लाल दिवा, चालकाच्या केबिनमध्ये पिवळा दिवा. नोव्हेंबरच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात चौदा दिवस ती फिरायला हवी होती. कंपनीचे इंजिनिअर राघवन म्हणून होते, मद्रासचे, कमी बोलणारे. भल्लाजींनी त्यांना हसत हसत सुचवलं की क्रेन आधी उजवीकडे फिरवू, मग डावीकडे परत आणू, म्हणजे तारांचा त्रास नाही. राघवन म्हणाले, "ऐसे तो टेबल फॅन घूमता है. हमारा क्रेन पूरा घूमता है." मला तिथेच ते फार आवडले.

भल्लाजींनी माझ्याकडे बघितलं. "बेटा, हो जाएगा?"

मी "बिल्कुल" म्हणाले. कसं, ते मला मुळीच माहीत नव्हतं.

घरी येऊन मी ही बातमी उड्या मारत सांगितली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे त्यांचं निर्णय द्यायच्या आधीचं रीतसर कर्मकांड होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "प्रदर्शन संपेपर्यंत तुझी क्रेन न थांबता फिरली, तर मी परीक्षेचं नाव काढणार नाही. थांबली, तर फॉर्मवर सही करायची आणि हे सगळं बंद. फॉर्मची मुदत प्रदर्शनानंतरच आहे, मी बघून ठेवलंय." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पैजा काय लावताय पोरीशी?" पण मी तोवर हो म्हणून बसले होते. उतावळेपणा माझा जन्मजात आहे.

मग सुरू झाली शोधाशोध. पाच तारा वर न्यायच्या होत्या, म्हणजे पाच कडी. पहिल्यांदा वाटलं, वर बॅटरीच ठेवावी, कटकटच नको. ठेवली. क्रेनचा हात एका बाजूला कलला आणि दुपारपर्यंत दिवे मलूल झाले. मग लाल किल्ल्यासमोरच्या बाजारातून टेपरेकॉर्डरच्या हेडफोनची पिन आणली. ती आपल्या खोबणीत गोल फिरते आणि तरी गाणं ऐकू येतं, हे मी कितीदा पाहिलं होतं. युक्ती नामी होती, पण तिच्यातून तीनच तारा जातात आणि वर मोटर लावली की ती जुन्या रेडिओसारखी खरखरते. मग भागीरथ पॅलेसला, विजेच्या सामानाच्या बाजारात गेले. तिथल्या मोटर बांधणाऱ्या दुकानदारानं जी कडी काढून दाखवली, ती भाकरीएवढी होती.

"कितने हॉर्स पावर का है?" त्यानं विचारलं.

"बल्ब है, भाईसाहब. छोटा सा."

तो इतका हसला की शेजारचे दोन दुकानदार काय झालं ते बघायला आले.

एका परदेशी कॅटलॉगमध्ये मात्र मला हवी तीच वस्तू सापडली. अंगठ्याएवढी बंद डबी, एका बाजूनं रंगीत तारा आत जाणार, दुसऱ्या बाजूनं बाहेर येणार, मधलं सगळं झाकलेलं. मी त्या चित्राच्या प्रेमात पडले. ते पान बसमध्ये उघडून बघत बसायचे. पण मागवली तर यायला दोन महिने, कस्टममध्ये अडकली तर देव जाणे किती. तोवर प्रदर्शनाचे मांडवसुद्धा उठले असते.

आज तीच डबी मी दुपारच्या पहिल्या चहाला मागवते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चहाच्या आत ती दारात येते. माझ्या कारखान्यात तिचा एक खणच भरलेला आहे. सोय झाली, मी तक्रार कशाला करू? पण आमच्याकडच्या कुणी खण उघडून हाताला लागेल ती डबी उचलली, की मी हटकते. किती तारा न्यायच्यात? प्रत्येकीतून किती करंट? मिनिटाला किती फेरे, आणि किती दिवस? मधून दांडा जायला भोक हवं का? हे सगळं मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. त्या एका शरदात मी चुकत गेले आणि प्रत्येक चुकीनं एकेक प्रश्न हातात ठेवला.

शेवटी ठरलं, कडी आपणच करायची. भल्लाजींच्या कारखान्यात लेथवर नसीम उस्ताद होते. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, आणि धातूला हात लावून त्याचं दुखणं सांगणारा माणूस. त्यांनी पितळेची पाच कडी कातली, मध्ये वीज अडवणाऱ्या बेकेलाइटच्या चकत्या घातल्या आणि त्यांचा एक सुबक मनोरा करून माझ्या तळहातावर ठेवला. शिलाई मशीनच्या मोटरमध्ये असतात तसे छोटे कार्बनचे ठोकळे त्यांना टेकवले. बटण दाबलं. दिवे लागले, ट्रॉली धावली, दांडा फिरत राहिला आणि तारा जागच्या जागी. मी टाळ्या पिटल्या. दिवाळी तोंडावर होती, कारखान्याला चार दिवस सुट्टी. तारा घरी बसून नीट जोडाव्यात म्हणून तो मनोरा मी डब्यात घालून घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. इथेच माझं चुकलं.

आमच्या घरी दिवाळीआधी पितळ घासायचा एक दिवस असायचा. समई, ताम्हण, तांब्या, घंटा, निरांजन, जे जे पिवळं ते ते गॅलरीत मांडलं जायचं आणि आई पदर खोचून चिंच आणि रांगोळी घेऊन त्यांच्यामागे लागायची. त्या सकाळी मी सरोजिनी नगरच्या बाजारात गेले होते. परत आले तर गॅलरीत उन्हात सगळे देव लखलखत होते आणि त्यांच्या रांगेत, समईच्या शेजारी, माझा मनोरा उलटा घालून वाळत ठेवला होता.

"तुझं पण केलं बरं का," आई आनंदानं म्हणाली. "किती मळलं होतं. कार्बन का काय लागलं होतं ते. फटींमधून काडी घालून घालून काढलं."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. दिवाळीच्या तोंडावर आईला असं बोलू नये, एवढंच सांगते. तिनं फक्त हातातलं ताम्हण खाली ठेवलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी सगळं जोडून बघितलं. कडी सोन्यासारखी चमकत होती आणि लाल दिवा थांबून थांबून लागत होता. ट्रॉली दोन पावलं जायची आणि अडखळायची. फटींमध्ये रांगोळीची कचकच होती आणि पितळेवर हिरवट झाक यायला लागली होती. दोन दिवसांत ते काळपट झालं. बाबा वर्तमानपत्राआडून सगळं बघत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

भाऊबीजेनंतर मनोरा घेऊन मी नसीम उस्तादांपुढे उभी राहिले, रडवेली. त्यांनी कड्यावरून नख फिरवलं, नाकाशी धरून चिंचेचा वास घेतला आणि हसायलाच लागले. "बिटिया, माँ को दुआ दो," ते म्हणाले. "ये तो होना ही था. यहाँ नहीं तो मेले में होता." मग त्यांनी मला नीट समजावलं. पितळ हवेनं काळवंडतंच. मोठी मोटर असली की तिचा करंट दांडगा, तो त्या काळ्या थराला जुमानत नाही, आरपार जातो. आमच्या इवल्याशा दिव्यांचा करंट गरीब, तो दारातच अडतो. एरवी हे पाचव्या-सहाव्या दिवशी भर गर्दीत झालं असतं. आईच्या चिंचेनं ते दोन दिवसांत घडवून दाखवलं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी गेले ती थेट आईच्या पाया पडले. ती अजून जरा फुगलेली होती. देव्हाऱ्यासमोर बसून चांदीचं फुलपात्र नुसत्या अंगठ्यानं पुसत होती. मी म्हटलं, "याला नाही का लावत चिंच?"

"चांदीला कशाला? पितळेचा काळेपणा हट्टी असतो, घासल्याशिवाय जात नाही. चांदी काळी पडली तरी नुसतं बोट फिरवलं की येते वर."

नुसतं बोट फिरवलं की! कड्यावरची पट्टी दुसरं काय करते? फेऱ्याफेऱ्याला बोटच तर फिरवते. आणि विजेला चांदीइतकी मोकळी वाट दुसरा कुठलाच धातू देत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मला ते कधी घरात आठवलं नव्हतं, इतकंच. मी आईला उचलायचाच प्रयत्न केला. ती ओरडली, "अगं सोड, फुलपात्र पडेल!"

आईनं ट्रंक उघडली. तळाशी, पोपटी रेशमी चिंधीत, माझ्या बाळपणीचे वाळे होते. दोन हातांतले, दोन पायांतले. भरीव, जुन्या घडणीचे. "तुझेच आहेत," ती म्हणाली. "घे. उद्या तुझ्या मुलांना करू नवीन." मी ते मांडीवर घेऊन बसले. चार होते. कडी पाच लागत होती. मी मनात हिशोब करत होते, ओढूनताणून चारांतून पाच पातळ पट्ट्या निघतील का, पातळ झाल्या तर किती दिवस टिकतील.

बाबा मघापासून दारात उभे होते. ते आत गेले, देव्हाऱ्यातून आपल्या संध्येची पळी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. मुंजीत मिळालेली चांदीची पळी. चाळीस वर्षं रोज सकाळी हातात असलेली. तिच्या कडेला झीज होती.

"पाचवं कडं कशाचं करणार होतीस?" त्यांनी विचारलं.

"बाबा, पण पैज..."

"पैज आहेच. पैज म्हणजे तू हरावीस असं नाही. आणि संध्या तांब्याच्या पळीनंही होते." एवढं बोलून ते बातम्या ऐकायला निघून गेले. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माणूस आठवायचा म्हणजे कुठल्या तरी एका क्षणी आठवतो, आणि मला ते दारातून आत येताना आठवतात, हातात पळी धरून, जरा अवघडलेले.

दरिब्याच्या सराफ बाजारातल्या चांदीकारानं वाळे आणि पळी तराजूत टाकली, मग माझं माप बघितलं आणि गोंधळला. "ये किस बच्चे के लिए बनवा रही हो?"

"क्रेन के लिए."

त्याच्या चेहऱ्याचं वर्णन करायला मला आजही शब्द सापडत नाहीत. पण हात सोन्याचा होता त्याचा. एकसारख्या जाडीच्या पाच पट्ट्या त्यानं वळून, सांधून दिल्या, आणि त्यांतलं थोडं तांबं मुद्दाम राखलं, कारण निव्वळ चांदी मऊ असते, लवकर झिजते. उस्तादांनी त्या कड्यांना लेथवर शेवटचा हात फिरवला. टेकणाऱ्या पट्ट्यांसाठी त्यांनी मला जामा मशिदीमागच्या कबाडी बाजारात पाठवलं. जुनी टेलिफोन एक्सचेंजं तेव्हा मोडीत निघत होती आणि त्यांच्या रिलेंचे, म्हणजे विजेनं आपोआप उघडमीट होणाऱ्या स्विचांचे, ढीग तिथे पडलेले होते. रिलेतल्या पट्ट्या लवचीक, आणि टोकाला चांदीचा ठिपका. ज्या फोनसाठी आमच्या बाबांनी सात वर्षं वाट बघितली, त्याचेच अवशेष मी पिशवीभर घेऊन आले.

एकेका कड्याला दोन दोन पट्ट्या टेकवल्या, म्हणजे एक उडाली तर दुसरी धरून ठेवेल. मग राहिला दाब. पट्टी फार हलकी टेकली तर ठिणगी उडते. फार दाबली तर कडं खरवडतं. हा अंदाज बोटालाच येतो आणि यायला दिवस लागतात. आता माझी स्वतःची मुलगी पुण्याला नोकरी करते, आठवड्यातून दोनदा फोन करते, आणि तिसऱ्यांदा आपण करावा की नाही हे ठरवताना मला ती पट्टी हमखास आठवते. बहुतेकदा मी करत नाही. कधी कधी करतेच.

राघवन प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी कारखान्यात आले. खुर्ची ओढून क्रेनसमोर बसले आणि सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत बसून राहिले. आम्ही सगळे कामाचं नाटक करत होतो. क्रेन मिनिटाला एक फेरा घेत होती, हूक खाली-वर होत होता, लाल दिवा स्थिर. एक वाजता ते उठले, वाकून आतली कडी बघितली आणि विचारलं, "सिल्वर?" मी मान हलवली. त्यांनी मला नमस्कार केला. मला, बावीस वर्षांच्या मुलीला, दोन्ही हात जोडून. भल्लाजींनी लगेच सगळ्यांसाठी समोसे मागवले.

आणि मग ते चौदा दिवस. नोव्हेंबरचं कोवळं ऊन, मथुरा रोडवरच्या मैदानात ही गर्दी, लाउडस्पीकर, भेळ, हरवलेल्या मुलांची नावं. आमच्या स्टॉलवर क्रेन फिरत होती. लोक येत, थांबत, आणि मग नेमके वाकून खाली बघत, तारा कुठे गेल्या ते शोधायला. एक सरदारजी आपल्या नातवाला सांगत होते की आत नक्की चुंबक आहे. मी कोपऱ्यात उभी राहून खुदखुदत होते. रोज सकाळी आले की मऊ कापडानं कडी पुसायची, बटण दाबायचं, आणि पहिला फेरा पूर्ण होईपर्यंत श्वास धरायचा.

नवव्या दिवशी क्रेन थांबली.

भर दुपारी, माणसांनी स्टॉल फुललेला असताना, जागच्या जागी थांबली. दिवे गेले, ट्रॉली उभी. भल्लाजी पांढरेफटक पडले. राघवन धावत आले आणि कड्यांकडे वाकले. आणि नेमके त्याच दिवशी बाबा आले होते, ऑफिसातून अर्धी रजा टाकून, मला न सांगता. गर्दीत मला त्यांची करड्या स्वेटरची बाही दिसली. पण एक सांगते, त्या क्षणी मला कड्यांची शंका आली नाही. सगळे वर बघत होते, मी खाली बघितलं. टेबलाखालून आमची वायर जिथे जात होती, तिथे शेजारच्या स्टॉलवाल्यानं आमचा प्लग काढून आपली चहाची किटली लावली होती. पाणी नुकतंच उकळायला लागलं होतं.

मी प्लग परत लावला. क्रेन जिथे थांबली होती तिथून पुढे निघाली.

मी बाबांकडे बघितलं. थांबली तर थांबली, पैज म्हणजे पैज. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग भर गर्दीत, फाइलवर शेरा मारावा तशा आवाजात म्हणाले, "पुरवठा बाहेरून खंडित झाला. यात अर्जदाराचा दोष दिसत नाही. हे थांबणं धरता येणार नाही." आणि मग हळूच, "चहा तरी देतोय का तो?"

उरलेले पाच दिवस ती एकदाही थांबली नाही. चौदा दिवसांत साडेसात हजार फेरे झाले. शेवटच्या संध्याकाळी मी आतली कडी उघडून बघितली. पाचही कड्यांवर पट्ट्या फिरल्या होत्या तिथे एकेक बारीक, आरशासारखी रेघ उमटली होती. झीज नाही, डाग नाही. मी जिंकले होते. हे मोठ्यांदा म्हणायची तेव्हा हिंमत नव्हती, आता म्हणते. मी जिंकले होते, आणि त्या कामानं वाटलं तितकं उंच मला नंतर दुसऱ्या कशानंही वाटलं नाही. भल्लाजींनी राघवनसमोरच जाहीर केलं की यापुढे कारखान्याचं विजेचं सगळं काम वैजयंती मॅडम बघणार. मॅडम! मी वळून बघितलं, ही कोण.

आई-बाबा शेवटच्या दिवशी दोघंही आले होते. आईनं पैठणी नेसली होती, प्रदर्शनाला! तिनं क्रेनकडे बघून नमस्कार केला आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना मराठीतच सांगितलं, "चिंच मी लावली होती." बाईंना काही कळलं नाही, पण त्या कौतुकानं हसल्या. बाबा मात्र वेगळ्याच कामात होते. दोन कॉलेजच्या पोरांना धरून ते समजावत होते, "देखिए, तार घूमती ही नहीं. घूमता है कड़ा. पट्टी सिर्फ छूती है." एका फेऱ्यात त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पोरांना आणखी दोन फेरे थांबवून ठेवलं.

बाहेर पडलो तेव्हा हवेत गारवा होता आणि मैदानातले दिवे एकेक करून मालवायला लागले होते. बसस्टॉपवर मोठी रांग होती. परीक्षेचा विषय बाबांनी काढला नाही. आई पुढे बाकावर बसायला जागा मिळते का बघत होती. बस आली, लोक पुढे सरकले, आणि बाबांनी मला हातानं आपल्या पुढे घेतलं, लहानपणी घ्यायचे तसं.

"वैजू," ते म्हणाले, "उद्या कामाला किती वाजता निघणार? तुझा डबा मी भरून ठेवीन."